तो वाटा तिच्यापासून काढून घेऊ नका : आमच्या मंडळीच्या कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सन्माननीय सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उपवासकाळात दर गुरुवारी संध्याकाळी महिला मंडळातर्फे चालणारा ‘मशीहा आणि देवाचं मातृत्व’ हा अभ्यासवर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावा, असा ठराव आपण केलात आणि रविवारच्या उपासनेत तो वाचून दाखवलात. त्यापाठोपाठ उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलणाऱ्यांची यादी वाचली गेली. सातही नावं पुरुषांची होती. पूर्वी निदान एक उद्गार तरी बहिणींकडे असायचा. यंदा तोही गेला.

मी आधी आपल्याला बंद पाकिटात पत्र दिलं होतं. ‘विषय संपला आहे’ एवढंच उत्तर तोंडी आलं. माझ्यासाठी आणि त्या वर्गात बसणाऱ्या बायका-मुलींसाठी विषय संपलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची नाही, आणि नाशकातल्या किंवा महाराष्ट्रातल्या आणखी कितीतरी मंडळ्यांत हेच चाललं आहे हे मला माहीत आहे.

माझा बाप्तिस्मा याच मंडळीत झाला, लग्न याच वेदीसमोर लागलं. शब्बाथशाळेत मी ज्यांना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ पाठ करून घेतलं, त्यांतले दोघे आज आपल्या कमिटीवर आहेत. मी बाहेरून बोलत नाही.

वर्ग कशामुळे सुरू झाला, हे ठराव करताना कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. आमच्याकडे येणारी एक कॉलेजातली मुलगी प्रार्थनेच्या वेळी नेहमी गप्प असायची. एकदा एकटीने येऊन म्हणाली, ‘बाई, “हे आमच्या स्वर्गातील बापा” म्हटलं की माझा घसाच बंद होतो.’ तिच्या घरी बाप म्हणजे काय, ते तिने सांगितलं. ते इथे लिहिण्याजोगं नाही. प्रभूची प्रार्थना बदला, असं ती म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, की देवाजवळ जायला शास्त्रात दुसरीही वाट आहे का. या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून तिला घरी पाठवायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही शास्त्र उघडलं आणि वाट सापडत गेली. मोशेच्या गीतात इस्राएलाला जन्म देणारा देव आहे (अनुवाद ३२:१८). यशयात तो वेणा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो (४२:१४), आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय असं विचारतो (४९:१५), आणि आई जसं मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन असं वचन देतो (६६:१३). होशेयाच्या अकराव्या अध्यायात तो लेकराला हात धरून चालायला शिकवतो. ही सगळी वचनं आपल्या सगळ्यांच्या घरातल्या त्याच काळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात आहेत.

आपल्या ठरावातलं पहिलं कारण असं, की देवाला पित्याशिवाय दुसऱ्या रूपात पाहणं शास्त्राला सोडून आहे. त्याला उत्तर वरच आलं. आम्ही ‘पिता’ पुसत नाही. येशूने ज्या जिव्हाळ्याने ‘अब्बा’ म्हटलं, तो जिव्हाळा आम्हाला हवाच आहे. पण उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर व नारी असा निर्माण केला, असं लिहिलं आहे. प्रतिरूप दोघांत आहे. मग देवाविषयी बोलताना एकाच्याच अनुभवाचे शब्द का चालावेत? रोमन कॅथलिक मंडळीचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की देव स्त्री-पुरुष या भेदापलीकडे आहे आणि त्याचं वात्सल्य आईच्या प्रतिमेतूनही सांगता येतं. पोप पहिले जॉन पॉल १९७८ साली जाहीरपणे म्हणाले होते की देव आपला पिता आहे, आणि त्याहूनही अधिक तो माता आहे. आपण प्रॉटेस्टंट आहोत, पोप आपल्याला बांधील करत नाहीत. तरी जे रोमला पाखंड वाटलं नाही, ते आपल्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी पाखंड कसं ठरलं, याचं उत्तर मला हवं आहे.

दुसरं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. आपण लिहिलंत की मशीहा पुरुष म्हणून आला, त्यामुळे त्याच्या कार्याविषयी वेदीवरून बोलण्याचं काम पुरुषांचं. इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण आमचा सगळा अभ्यास याच प्रश्नाभोवती होता : मशीहा नेमकं काय करायला आला?

त्या काळचे अनेक लोक दाविदाच्या वंशातल्या राजाची वाट पाहत होते, जो रोमी सत्ता उलथून टाकेल. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचं पुस्तक उघडलं आणि दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, असं आपलं काम वाचून दाखवलं (लूक ४). तलवार त्यात कुठेच नव्हती. पुढे तो भुकेल्यांना जेवू घालतो, पाय धुतो, मित्राच्या कबरेपाशी रडतो. यरुशलेमकडे पाहून म्हणतो, की कोंबडी जशी आपली पिलं पंखांखाली एकवटते तसं तुझ्या मुलाबाळांना एकवटण्याची कितीदा माझी इच्छा होती (मत्तय २३:३७). सिंहाची उपमा त्याला ठाऊक नव्हती असं नाही. त्याने स्वतःसाठी कोंबडी निवडली.

मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना त्यांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाविषयी सांगताना तो बाळंतिणीचं उदाहरण देतो : तिची घटका आली की तिला दुःख होतं, पण बाळ जन्मलं की ते क्लेश आठवत नाहीत (योहान १६:२१). त्याच शुभवर्तमानात स्वतःच्या मरणाला तो वारंवार ‘माझी घटका’ म्हणतो. आमच्या वर्गात आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या एक निवृत्त सिस्टर आहेत. शिपायाने भाल्याने कूस भोसकल्यावर रक्त व पाणी निघालं, हे वचन (योहान १९:३४) त्यांनी मोठ्याने वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाल्या, ‘हे तर मी रोज पाहिलंय.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर मी सांगितलं, की क्रिसोस्तोम आणि ऑगस्टीन या जुन्या धर्मगुरूंनीही त्या कुशीतून मंडळीचा जन्म झाल्याचं लिहून ठेवलं आहे. अकराव्या-बाराव्या शतकातले कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म प्रार्थनेत ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारतात, आणि चौदाव्या शतकातली इंग्लंडमधल्या नॉरिचची साधिका जूलियन तर त्यावर पानंच्या पानं लिहिते. ज्या गोष्टीला चर्चच्या मोठमोठ्या विद्वानांनी शब्द दिले, ती त्या सिस्टरना आपल्या कामाच्या अनुभवातून एका क्षणात कळली. असं ज्या वर्गात घडतं, तो आपण बंद केलात.

आता मशीहाच्या अभिषेकाकडे या. मशीहा म्हणजेच अभिषिक्त. शौल आणि दावीद यांना शमुवेलाने तेल लावलं, शलमोनाला सादोक याजकाने. यार्देन नदीवर येशूवर पवित्र आत्मा उतरला, तो अभिषेक देवाचाच. पण माणसाच्या हातून त्याच्या मस्तकावर तेल कुणी ओतलं? बेथानीत, कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी, अलाबास्त्र कुपी फोडून एका बाईने (मार्क १४). ते जटामांसीचं तेल होतं. जटामांसी आपल्या हिमालयात उगवते, हे कळलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच भरून आलं. किंमत तीनशे दिनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. जेवायला बसलेले काही जण तेव्हाही तिच्यावर चिडले होते. येशू म्हणाला, तिला असू द्या. आणि पुढे म्हणाला की जगात जिथे जिथे सुवार्ता गाजवली जाईल, तिथे तिथे तिने जे केलं तेही तिच्या स्मरणार्थ सांगण्यात येईल. माझ्या आठवणीत आपल्या वेदीवरून या वचनावर पूर्ण उपदेश झालेला नाही.

‘मी मशीहा आहे’ हे येशूने विहिरीवर एका शोमरोनी बाईला स्वतःच्या तोंडाने सांगितलं (योहान ४:२६). ‘तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस’ ही कबुली पेत्राने दिली, ती आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तीच कबुली भावाच्या मरणाचं दुःख उरात असताना मार्थाने दिली (योहान ११:२७), तिला मात्र आपण स्वयंपाकघरातच ठेवलं. तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून वचन ऐकत होती, म्हणजे शिष्य जसा गुरूपाशी बसतो तशी. तिला उठवायला सांगितलं गेलं तेव्हा येशूने सांगितलं, तिने चांगला वाटा निवडला आहे, तो तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही. आमच्या वर्गाबाबत मी आपल्याकडे हेच मागते आहे.

पुनरुत्थानाच्या सकाळी उठलेला ख्रिस्त पहिल्यांदा दिसला तो मग्दालीया मरीयेला, आणि शिष्यांना जाऊन सांग म्हणून त्याने तिलाच पाठवलं. योहानाच्या विसाव्या अध्यायात हे स्पष्ट आहे. ५९१ साली पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकमधल्या पापी बाईशी एक करून टाकलं, आणि ज्याला शास्त्रात आधार नाही तो डाग तिच्या माथ्यावर शतकानुशतकं राहिला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. आपल्याकडे मात्र पुनरुत्थानदिनाचा तो शास्त्रपाठसुद्धा दर वर्षी एखादे वडीलच वाचतात.

म्हणून आपलं म्हणणं मला मान्य नाही. मशीहा पुरुषदेहात आला, हे खरंच आहे. पण त्याच्या कार्याचा प्रत्येक मोठा टप्पा बायकांच्या साक्षीने, आणि काही ठिकाणी बायकांच्याच हातांनी पार पडला. राजाचा अधिकार आणि आईची माया त्याने एकाच आयुष्यात एकत्र आणली. त्यातला अर्धा भाग झाकून ठेवला, तर आपण लोकांना अर्धाच मशीहा देतो.

तिसरं कारण म्हणजे ‘इतर धर्मांतील देवीपूजेचा व मोबाईलवरील नव्या शिकवणीचा शिरकाव’. यातला मोबाईलचा भाग मी गंभीरपणे घेते. मशीहा पुन्हा जोडप्याच्या रूपात येणार, तो आलाच आहे, अमुक बाई म्हणजेच दैवी स्त्रीशक्ती, असले व्हिडिओ आमच्याही मुलींच्या फोनवर येतात. आम्ही ते वर्गात उघडपणे घेतले आणि ‘ख्रिस्त इथे आहे, तिथे आहे असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका’ हे प्रभूचं वचन त्यांच्यासमोर ठेवलं. वर्ग बंद झाला, आता या मुली प्रश्न त्या व्हिडिओंनाच विचारतील.

आणि परकेपणाचं म्हणाल, तर आपण कुठे राहतो ते पाहा. विठ्ठलाला माउली म्हणणारा, ज्ञानेश्वरांसारख्या पुरुषालाही माउली म्हणणारा हा प्रदेश आहे. त्या ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाची, निवृत्तिनाथांची समाधी आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर त्र्यंबकेश्वरला आहे, आणि पौषात दिंड्या आपल्याच रस्त्यांवरून जातात. या मातीतून आलेले नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. त्यांची पदं आपण रविवारी उभं राहून गातो. गाताना चालतं, मग अभ्यासताना का चालू नये?

टिळकांनी मशीहाच्या चरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं, ‘ख्रिस्तायन’. १९१९ साली ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली, लग्नानंतर अक्षरओळख वाढवत गेलेली, १९३६ साली आपल्या नाशकातच देह ठेवलेली ही बाई. मराठीतलं ख्रिस्ताचं महाकाव्य पतीने सुरू केलं आणि पत्नीने तडीस नेलं, आणि त्यातला मोठा वाटा तिचा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. या दोघींच्या भाषेत प्रार्थना करणाऱ्या मंडळीत बायकांनी मशीहाविषयी बोलायचं की नाही, हा प्रश्न निघावा, याचं मला फार दुःख होतं.

चौथं कारण करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रेषित पौलाच्या वचनाचं : स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. त्याच पत्रात, अकराव्या अध्यायात, बायका प्रार्थना करताना व संदेश देताना काय करावं हे तो सांगतो, म्हणजे त्या बोलत होत्या. रोमकरांस पत्राच्या शेवटी तो सेविका फिबी आणि यूनिया यांची नावं आदराने घेतो. गलतीकरांना लिहितो की ख्रिस्त तुमच्यात आकार घेईपर्यंत मला तुमच्यासाठी पुन्हा वेणा होत आहेत. पौलाला स्वतःला आईचे शब्द वापरायला संकोच वाटला नाही. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली नंद्याळ धर्मप्रांतासाठी एका स्त्रीला, पुष्पललिता यांना, बिशप केलं. तिथेही पौलाची पत्रं वाचली जातात.

कारणांइतकीच ठराव झाला ती पद्धतही मला खटकते. कमिटीवर ज्या दोन बहिणी आहेत, त्यांना त्या बैठकीचं बोलावणं गेलं नाही. वर्ग घेणाऱ्यांपैकी एकीलाही बाजू मांडायला बोलावलं नाही. आमच्या टिपणांची वही कुणी मागितली नाही, वाचली नाही. सूचना फलकावरचा आमचा शास्त्रपाठांचा तक्ता न सांगता काढला गेला. आणि ज्या मुलीमुळे हे सुरू झालं, तिने तो ठराव उपासनेत, सगळ्यांच्या मध्ये बसून ऐकला. त्या रविवारनंतर ती आलेली नाही. मी तिला घरी जाऊन भेटते आहे. तिच्याकडे कमिटीतून कुणी गेलं का?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

अभ्यासवर्ग याच उपवासकाळात पुन्हा सुरू व्हावा, मंडळीच्या हॉलमध्ये, ठरलेल्या वारी. पाळकसाहेबांनी किंवा कुणाही वडिलांनी येऊन बसावं, प्रश्न विचारावेत, चुकतंय असं वाटलं तर शास्त्र उघडून दाखवावं. आम्हाला देखरेखीचं भय नाही.

उत्तम शुक्रवारच्या सात उद्गारांपैकी निदान तीन बहिणींकडे द्यावेत. त्यात ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’ हा उद्गार असावा. मुलगा डोळ्यांदेखत गेलेल्या आया आपल्या मंडळीत आहेत, त्यांना त्यावर बोलायचं आहे. पुनरुत्थानदिनी योहानाच्या विसाव्या अध्यायाचा पाठ एका बहिणीने वाचावा.

लूकच्या पंधराव्या अध्यायात येशूने तीन दाखले लागोपाठ सांगितले : हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ, हरवलेलं नाणं दिवा लावून, घर झाडून शोधणारी बाई, आणि मुलाची वाट पाहणारा बाप. तिन्ही दाखले देवाविषयीच आहेत. पहिल्या आणि तिसऱ्यावर आपल्याकडे दर वर्षी उपदेश होतो. या वर्षी मधल्यावरही व्हावा, एवढी विनंती पाळकसाहेबांना स्वतंत्रपणे करते.

महिला मंडळाच्या कामाविषयी कोणताही ठराव करण्यापूर्वी महिला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना बैठकीला बोलवावं आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं. हा ठराव कायम ठेवायचा असेल, तर तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कारणांसह मांडावा आणि मंडळीला मत देऊ द्यावं.

आणि त्या मुलीच्या घरी कमिटीतर्फे कुणीतरी जावं. जाताना पत्नीला किंवा आईला सोबत न्यावं, आणि तिला सांगावं की तिने प्रार्थनेत देवाला ज्या नावाने हाक मारली ते या मंडळीला मान्य आहे.

याचं उत्तर लेखी मिळावं, झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आधी, आणि त्याची प्रत महिला मंडळाच्या सचिवांकडे द्यावी. तोवर आमचा अभ्यास माझ्या घरी, ठरल्या वेळी चालू राहील. आपल्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. सध्या योहानाचा चौथा अध्याय चालू आहे.

ख्रिस्तात आपली बहीण,
महिला मंडळाची एक सभासद
नाशिक